न दिसणाऱ्या डिस्कची बखर

हेलसिंकी विद्यापीठात संगणकशास्त्राचे अध्ययन करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी, मिनिक्स ही प्रणाली वापरणाऱ्या मंडळींना उद्देशून, आपण केवळ हौसेखातर एक नवी कार्यप्रणाली रचीत असल्याचे जे निवेदन प्रसिद्ध केले, त्याच्या अखेरीस आज वाचताना मौज वाटावी असा एक कबुलीजबाब आहे. ही प्रणाली एटी जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरी कोणतीही डिस्क बहुधा कधीच ओळखणार नाही, असे त्याने त्यात सांगून टाकले होते. आणि त्याचे कारणही मोठे प्रांजळ दिले होते, ते हे की त्याच्यापाशी दुसऱ्या जातीची डिस्कच नव्हती.

ते भाकीत खोटे ठरले. किती खोटे ठरले याचे माप हवे असल्यास एवढेच सांगणे पुरे आहे की, जगातील सर्वांत वेगवान अशा ५०० महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा निघते, तीतील प्रत्येक यंत्रावर नोव्हेंबर २०१७ पासून त्याच प्रणालीचा, म्हणजे लिनक्सचा, अंमल आहे. परंतु भाकिताच्या मुळाशी जी अडचण होती ती मात्र खोटी ठरलेली नाही. जुन्यानव्या संगणकावर लिनक्स बसविण्यास बसलेला मनुष्य ‘हार्ड डिस्क डिटेक्ट होत नाही’ ही तक्रार १९९२ साली जशी करीत होता तशीच तो आजही करतो. फरक पडला आहे तो इतकाच की, त्या तक्रारीचे कारण दर दहापाच वर्षांनी आपला मुक्काम हलवीत आले आहे. शेत डोळ्यांसमोर पसरलेले असावे, त्यात पीक उभे असावे, आणि तरीही सात-बाराच्या उताऱ्यावर नाव चढले नाही एवढ्यावरून कचेरीच्या लेखी कसणारा कोणीच नसावा, तसा हा प्रकार आहे. डिस्क सहसा हरवलेली नसतेच; हरवलेला असतो तिचा दाखला, आणि तो कोणत्या दफ्तरात ठेवायचा याचा शिरस्ता गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा बदलला आहे.

टोरवाल्ड्सने उल्लेखिलेले एटी म्हणजे आयबीएम कंपनीने १९८४ साली बाजारात आणलेला वैयक्तिक संगणक. याच कंपनीने १९५६ साली जगातील पहिली चुंबकीय डिस्क विक्रीस काढली होती. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्यांचा तो मनोरा ५० लक्ष अक्षरे साठवीत असे, आणि तो यंत्राला जोडलेला आहे की नाही असा संभ्रम कोणास पडण्याचे कारणच नव्हते, कारण खोलीत पाऊल टाकताच तो दिसे. पुढे डिस्क लहान होऊन पेटीच्या आत गेली तेव्हा तिची ओळख पटविण्याचा प्रश्न उद्भवला. त्यावर एटीच्या रचनाकारांनी काढलेली तोड अस्सल कारकुनी होती. यंत्राच्या रॉममध्ये मान्यताप्राप्त डिस्कांच्या प्रकारांचा एक तक्ता कोरलेला असे, त्यात प्रत्येक प्रकारापुढे सिलिंडर किती व हेड किती याचे आकडे असत, आणि आपल्या पेटीत यांपैकी कितव्या क्रमांकाचा प्रकार बसविला आहे एवढा एकच अंक मालकाने, बॅटरीच्या बळावर जिवंत राहणाऱ्या सीमॉस नावाच्या चिमुकल्या स्मृतीत, नोंदवून ठेवायचा असे. प्रत्यक्ष डिस्कला कोणी काही विचारीत नसे, आणि विचारले असते तरी आपले नावगाव सांगण्याची अक्कल तिच्यात नव्हती. ती सारी बुद्धी कंट्रोलर नावाच्या निराळ्या कार्डावर होती. सबब बॅटरी संपली की अंक पुसला जाई, अंक पुसला की तक्त्यातील ओळ सापडत नसे, आणि मग धडधाकट डिस्क आत गरगर फिरत असतानाही यंत्र ती नसल्याचे जाहीर करी. जाणते तंत्रज्ञ म्हणूनच तो अंक एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पेटीला चिकटवून ठेवीत.

सप्टेंबर १९९१ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या ०.०१ या पहिल्या आवृत्तीत तर हा तक्ताही नव्हता. टोरवाल्ड्सने आपल्या डिस्कची मापे थेट मूळ संहितेतच लिहून टाकली होती. ज्याची डिस्क निराळी असेल त्याने संहितेतील आकडे बदलावेत आणि सारी प्रणाली पुनश्च संकलित करून घ्यावी, अशी ती सरळ तजवीज होती. पुढच्या आवृत्त्यांत लवकरच, यंत्र सुरू होताच प्रथम चालणाऱ्या बायॉस या रॉममधील आज्ञावलीने स्मृतीत मांडून ठेवलेली मापे उचलून घेण्याची सोय झाली. त्याच आरंभीच्या काळातली एक हकीकत टोरवाल्ड्सने स्वतःच पुढे सांगितलेली आहे: विद्यापीठाच्या संगणकाशी दूरध्वनीवरून संधान बांधण्यासाठी जो हुकूम मोडेमला सोडावयाचा तो त्याने नजरचुकीने हार्ड डिस्कच्या नावे सोडला, आणि मोडेमसाठी असलेली अक्षरे डिस्कवर उमटून तिच्यावरील मिनिक्सचा भाग निकामी झाला. मिनिक्स पुन्हा बसवीत न बसता त्याने आपल्याच प्रणालीवर राहण्याचे ठरविले, ही गोष्ट लिनक्सच्या इतिहासकारांना प्रिय आहे. मला मात्र तिच्यात अधिक लक्षणीय वाटते ते हे की, युनिक्सच्या परंपरेत मोडेम काय किंवा डिस्क काय, दोन्ही ‘डेव्ह’ या एकाच निर्देशिकेत शेजारी शेजारी नांदणारी केवळ नावे असतात, आणि नावाची गफलत झाली की अनर्थ ओढवतो. या नावांचा मामला पुढे फार चिघळणार होता.

दरम्यान डिस्कला वाचा फुटली. कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा या तीन कंपन्यांनी मिळून १९८६ च्या सुमारास कंट्रोलरची बुद्धी कार्डावरून उचलून डिस्कच्याच पाठीवर बसविली. आयडीई या नावाने ही जात रूढ झाली व एटीए या नावाने तिचे मानक १९९४ साली मंजूर झाले. या जातीच्या डिस्कला ‘आपण कोण’ असा एक विवक्षित हुकूम दिला असता ती ५१२ बाइटांची आपली कैफियत सादर करते: बनावट, अनुक्रमांक, सिलिंडर, हेड, सेक्टर, आणि आपल्याला काय काय साधते त्याची टिपणे. तीत बनावटीच्या नावातील अक्षरे दोन-दोनच्या जोडीने उलटी लिहिलेली असतात, आणि ती सुलटी करून घेण्याचे काम आजतागायत प्रत्येक प्रणालीला निमूटपणे करावे लागते.

पण वाचा फुटली म्हणून सत्य बोलणे भागच आहे असे नाही. तबकडीच्या बाहेरच्या वर्तुळात आतल्यापेक्षा अधिक सेक्टर बसविण्याची युक्ती रूढ झाल्यावर सिलिंडर-हेड-सेक्टर हा हिशेब वस्तुतः निरर्थक झाला होता. तरीही बायॉस तोच हिशेब मागे, म्हणून दोनच तबकड्यांची डिस्क आपल्याला १६ हेड असल्याचे खुशाल सांगे. त्यातही बायॉसच्या दफ्तरात सिलिंडरांसाठी १०२४ पर्यंतच जागा, एटीएच्या दफ्तरात हेडांसाठी १६ पर्यंतच, आणि सेक्टर ६३. तिन्हींचा गुणाकार करून प्रत्येकी ५१२ बाइट धरले की ५२ कोटी ८४ लक्ष ८२ हजार ३०४ बाइटांवर हिशेब संपतो. याहून मोठी डिस्क घेतली तर वरचा भाग बायॉसच्या लेखी अस्तित्वातच नसे. लिनक्सचा गाभा असलेले कर्नेल एकदा चालू झाले की बायॉसला विचारीत नाही, डिस्कशी स्वतः बोलते, त्यामुळे त्याला ही मर्यादा जाचण्याचे कारण नव्हते. परंतु कर्नेलला स्मृतीत आणून सोडणारा लिलो नावाचा जो चोपदार वेर्नर आल्मेसबर्गर याने लिहिला होता, त्याला बायॉसच्याच हाताने डिस्क वाचावी लागे. परिणामी कर्नेलची संचिका १०२४ व्या सिलिंडरापलीकडे पडली की ती वाचता येत नसे, आणि डिस्कच्या मापाविषयी बायॉसचे व लिनक्सचे एकमत नसले की काळ्या पडद्यावर लिलोच्या नावाची पहिली दोनच अक्षरे उमटून यंत्र स्तब्ध होत असे. लिलो आपल्या नावाचे एकेक अक्षर एकेक पायरी पार पडल्यावर छापीत असल्यामुळे, किती अक्षरे उमटली यावरून गाडी कोठे अडली याचे अनुमान करता येई. निदानासाठी इतक्या अल्पाक्षरी सोयीचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

मर्यादांची ही मालिका पुढेही चालूच राहिली. १९९९ च्या आगेमागे ३३.८ अब्ज बाइटांहून मोठी डिस्क पाहताच काही बायॉस जागच्या जागी गोठत, म्हणून कारखानदारांनी डिस्कवर एक जंपर, म्हणजे पिनांवर बसणारे टोपण, ठेवला, जो बसविला असता डिस्क आपली क्षमता तेवढीच असल्याचे खोटे सांगे. मग यंत्र सुरू होई खरे, पण लिनक्सलाही उरलेली डिस्क दिसत नसे. ती पुन्हा मोकळी करून घेणारी लहानशी आज्ञावली आणि या साऱ्या मर्यादांचा इतिहास, अशा दोन्ही गोष्टी आंद्रिस ब्राउवर या डच गणितज्ञाने लिहून ठेवल्या, आणि मोठ्या डिस्कांविषयीचे त्याचे ते टिपण त्या काळी लिनक्स वापरणाऱ्यांना पंचांगासारखे हाताशी लागे. १३७ अब्ज बाइटांची हद्द एटीएच्या पत्त्यातील बिटे २८ वरून ४८ करून २००२ साली ओलांडली गेली. याविषयी अधिक विस्तार नको.

आयडीईच्या एका चपट्या केबलवर दोन डिस्का बसत, आणि त्यांतील एक मास्टर व दुसरी स्लेव्ह आहे हे दोन पिनांवर बसविलेल्या प्लॅस्टिकच्या टोपणाने ठरे. दोन्ही मास्टर ठेवल्या तर दोघी एकाच वेळी उत्तर देत आणि एकीचेही ऐकू येत नसे. काही बनावटींत तर एकटीने राहणारी मास्टर आणि जोडीने राहणारी मास्टर यांना जंपरची स्थाने भिन्न असत, त्यामुळे घरातली दुसरी डिस्क काढून घेतल्यावर पहिलीही अदृश्य व्हावी असा चमत्कार घडे. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे आणि ज्याला त्या नावाने कोणी हाक मारीत नाही, संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार ज्या काळी भरास आला, त्या काळी तिथल्या फळ्यांवर बसलेल्या कारागिरांची तपासाची रीत याच भानगडींतून घडलेली होती. केबलची लाल कड एक क्रमांकाच्या पिनेकडे आहे ना ते पाहायचे, डिस्कच्या पाठीवर बोटे टेकवून ती फिरते आहे का याची प्रतीती घ्यायची, दुसरी डिस्क सोडवून एकटीला मास्टर करायचे, आणि मगच बायॉसच्या पडद्याकडे वळायचे. पडद्यावर काय म्हटले आहे यापेक्षा बोटांना काय लागते यावर त्यांचा भरवसा अधिक असे, आणि तो अनाठायी नव्हता. विद्युत्प्रवाह न पोहोचलेल्या डिस्कविषयी कोणत्याही दफ्तरातील कोणतीही नोंद कुचकामाची आहे.

लिनक्स वापरणाऱ्यापाशी याखेरीज आणखी एक साधन होते. यंत्र सुरू होताना कर्नेल जे जे पाहते ते ते ओळीने छापते, व तो मजकूर मागाहून ‘डीमेसेज’ या आज्ञेने पुन्हा वाचता येतो. नव्वदीच्या दशकातील लिनक्सवाल्याला ही जबानी जवळजवळ पाठ असे. कंट्रोलरची चिप सापडली, मग डिस्कचे नाव व क्षमता उमटली, मग तिच्यावरील पार्टिशनांची यादी आली, असा तो क्रम. यातील कोणत्या ओळीनंतर शांतता पसरली यावरून दोष चिपच्या ड्रायव्हरमध्ये, केबलमध्ये की पार्टिशनच्या तक्त्यात, याचा निवाडा होई. ‘लॉस्ट इंटरप्ट’ ही ओळ पुनःपुन्हा येऊ लागली तर डिस्क काम करते आहे पण काम झाल्याची वर्दी कर्नेलपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. त्याच दशकाच्या मध्यास सीएमडी-६४० आणि आरझेड-१००० या दोन स्वस्त चिपांत असे दोष निघाले की डिस्क दिसे, वाचता येई, पण वाचलेले चुकीचे असे. त्यांना ओळखून सांभाळून घेणाऱ्या ओळी कर्नेलमध्ये कैक वर्षे मुक्कामाला होत्या. दिसणे हा काही सुस्थितीचा दाखला नव्हे, हे लिनक्सला तेव्हाच कळून चुकले.

आता नावांकडे येतो, कारण माझ्या मते या बखरीचे मर्म तिथेच आहे. आयडीई डिस्कांना लिनक्सने स्थानावरून नावे दिली होती. पहिल्या केबलवरील मास्टर ती एचडीए, स्लेव्ह ती एचडीबी, दुसऱ्या केबलवरील मास्टर एचडीसी, स्लेव्ह एचडीडी; मधल्या जागा रिकाम्या असल्या तरी नाव ढळत नसे. पडद्यावर एचडीसीविषयी तक्रार आली की कोणती केबल उपसायची हे पेटी उघडण्यापूर्वीच ठाऊक असे. उलटपक्षी स्कझी नावाची जी महागडी जात कार्यालयीन यंत्रांत वापरली जाई, तिच्या डिस्कांना नावे सापडण्याच्या क्रमावरून मिळत: पहिली सापडली ती एसडीए, नंतरची एसडीबी. स्कझीत प्रत्येक डिस्कला स्वतःचा क्रमांक लावावा लागे आणि केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाची बुचे बसवावी लागत; एक बूच विसरले की कधी एक, कधी सगळ्याच डिस्का नाहीशा होत. पण याहून सूक्ष्म अडचण अशी की, कमी क्रमांकाची नवी डिस्क मध्ये घातली तर मागच्या साऱ्यांची नावे एकेक घर पुढे सरकत, आणि काल एसडीबी असलेली डिस्क आज एसडीसी होऊन बसल्यामुळे प्रणालीला ती सापडत नसे. स्थानावरून दिलेले नाव आणि हजेरीच्या क्रमावरून दिलेले नाव, या दोन वहिवाटींतील पहिली दुरुस्ती करणाऱ्याच्या सोयीची होती आणि दुसरी प्रणाली लिहिणाऱ्याच्या.

शिवाय त्या काळी डेव्ह निर्देशिकेतील नावांना पुराव्याचे मोलच नव्हते. तिच्यात संभाव्य अशा प्रत्येक उपकरणाच्या नावाने आगाऊ नोंदी करून ठेवलेल्या असत. घरात एकच डिस्क असली तरी तिथे डझनावारी डिस्कांची व त्यांच्या पार्टिशनांची नावे हारीने उभी असत, आणि नवशिका त्यातील एक पाहून ‘डिस्क तर दिसते आहे’ असा निर्वाळा देऊन मोकळा होई. या भाऊगर्दीवर रिचर्ड गूच याने देवएफएस नावाचा उपाय काढला व तो २००१ च्या २.४ कर्नेलमध्ये दाखल झाला; परंतु त्यातील दोष निस्तरले जात नाहीत अशी ओरड झाली, आणि ग्रेग क्रोआ-हार्टमन याने २००३ साली यूदेव नावाचा निराळा बंदोबस्त मांडला. यूदेवचा नियम असा की, कर्नेलला जे उपकरण खरोखर भेटले असेल त्याचेच नाव डेव्हमध्ये चढावे आणि ते गेले की उतरावे. देवएफएसला २००६ साली कर्नेलमधून कायमचा निरोप मिळाला. हा बदल कारभाराचा म्हणून वर्णिला जातो, पण निदान करणाऱ्याच्या दृष्टीने तो पुराव्याच्या कायद्यातील बदल होता. यापुढे डेव्हमध्ये नाव नसणे ही एक निश्चित साक्ष झाली.

याच सुमारास सीरियल एटीए, म्हणजे साटा, ही जात आली; तिची केबल एकेका डिस्कला स्वतंत्र, त्यामुळे मास्टर-स्लेव्हाचा लकडा सुटला. जेफ गार्झिक याने तिच्यासाठी लिबेटा नावाचा जो ड्रायव्हरांचा संच लिहिला त्याने डिस्कांना स्कझीच्या ओळीत बसविले, आणि काही काळाने जुन्या आयडीई डिस्काही त्याच ओळीत आणल्या गेल्या. फेडोरा ७ ही आवृत्ती २००७ साली घरोघर पोहोचली तेव्हा एका रात्रीत एचडीएची एसडीए झाली; ज्यांच्या फाइल-व्यवस्थांच्या यादीत अजून जुने नाव लिहिलेले होते त्यांची यंत्रे अर्ध्यावर थांबली. त्यातही एक कानाकोपऱ्यातला बळी असा होता की, आयडीईच्या जुन्या व्यवस्थेत एका डिस्कवर ६३ पार्टिशने चालत, आणि स्कझीच्या व्यवस्थेत १५. डिस्क दिसे, पहिली पंधरा पार्टिशने दिसत, आणि सोळावे, ज्यावर बिचाऱ्याने आपले सर्वस्व ठेवलेले असे, ते मात्र दिसत नसे. जुन्या आयडीई ड्रायव्हरांचा शेवटचा अवशेष कर्नेलच्या ५.१४ या आवृत्तीतून २०२१ साली काढून टाकण्यात आला.

यावर तोडगा म्हणून स्थानावरचे नाव नको व क्रमावरचेही नको, फाइल-व्यवस्थेच्या पोटात लिहिलेला यूयूआयडी हा लांबलचक अंकच खूण मानावा, अशी वहिवाट २००६-०७ च्या सुमारास पडली. ती तर्कशुद्ध आहे यात शंका नाही. परंतु तो अंक मनुष्याच्या ध्यानात राहत नाही, आणि पार्टिशन नव्याने फॉरमॅट केले की तो बदलतो हेही पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. यूदेवने सुदैवाने बनावट व अनुक्रमांकावरून, तसेच जोडणीच्या मार्गावरून दिलेली पर्यायी नावेही ठेवली आहेत. एकाच बनावटीच्या अनेक डिस्का एका पेटीत असताना कोणती काढायची ते ठरविण्यासाठी लेबलावरचा अनुक्रमांक ताडून पाहणे हाच खात्रीचा उपाय, आणि एचडीसी या तीन अक्षरांत जे मिळत होते ते मिळविण्यासाठी आता हा एवढा व्याप करावा लागतो. दुसरीकडे कर्नेल लहान ठेवून डिस्कचे ड्रायव्हर इनिटरॅमएफएस नावाच्या गाठोड्यात बांधून देण्याची पद्धत पडल्याने एक नवी जागा निर्माण झाली जिथे डिस्क हरवू शकते: मदरबोर्ड बदलला, नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर गाठोड्यात नव्हता, की बायॉसला दिसणारी, चालू असलेली, काल संध्याकाळपर्यंत वापरात असलेली डिस्क कर्नेलला मुळीच सापडत नाही आणि पडद्यावर कंसात ‘इनिटरॅमएफएस’ एवढे लिहून यंत्र पुढील हुकमाची वाट पाहत राहते.

दोष नेहमी दफ्तराचाच असतो असे मात्र नाही. २००९ च्या जानेवारीत सीगेट कंपनीने आपल्या बाराकुडा मालिकेतील काही डिस्का त्यांच्या फर्मवेअरमधील चुकीमुळे यंत्र सुरू करताना अगम्य होऊ शकतात असे मान्य केले. तबकड्या निर्दोष, माहिती शाबूत, पण डिस्क एकतर ‘कामात आहे’ म्हणून कोणाशी बोलेना, किंवा आपली क्षमता शून्य असल्याचे सांगे. हुन्नरी लोकांनी डिस्कच्या पाठीवरील बारीक पिनांना तारा जोडून, तिच्या आतल्या प्रोसेसरशी सीरियल पोर्टवरून संभाषण करून, तिला पुन्हा वाटेवर आणले.

आणि २०१६ सालच्या साटा ३.३ या मानकाने तर विजेच्या जोडणीतच एक फर्मान घुसवले. साटाच्या वीजजोडातील तिसऱ्या पिनेवर पूर्वी ३.३ व्होल्टचा पुरवठा येत असे, पण तो डिस्का क्वचितच वापरीत. नव्या मानकाने त्या पिनेचा अर्थ ‘दाब आला तर डिस्क बंद ठेवा’ असा ठरविला, जेणेकरून मोठ्या दालनांतील हजारो डिस्कांपैकी अडलेली एखादी दुरूनच बंद करून पुन्हा चालू करता यावी. पण घरगुती संगणकांचे जुने वीजपुरवठे तिथे पूर्वीसारखाच दाब देत राहिले, आणि बाहेरच्या पेटीतून सोडवून काढलेली नवी मोठी डिस्क अशा यंत्राला जोडली की ती फिरतच नाही. बायॉस काही पाहत नाही, कर्नेल काही छापीत नाही, आणि डिस्क मेली असे समजून लोक ती परत करतात. उपाय म्हणून त्या पिनेवर केप्टन टेपची एक बारीक पट्टी चिकटवितात, किंवा ३.३ व्होल्ट नसलेल्या जुन्या मोलेक्स जोडाचा आधार घेतात. बोटे टेकवून फिरण्याची खात्री करून घेणारा जुना कारागीर इथे पहिल्या क्षणीच योग्य दिशेला लागला असता.

तबकड्याच नसलेल्या एनव्हीएमई डिस्कला बोटे टेकवूनही काही कळत नाही. तिचे मानक २०११ साली प्रसिद्ध झाले, मॅथ्यू विल्कॉक्स याने तिचा ड्रायव्हर लिहिला, आणि ३.३ या कर्नेलपासून लिनक्स तिला ओळखू लागले. २०१७ साली ४.११ या कर्नेलने वीज वाचविण्यासाठी तिला आपोआप गाढ झोपू देण्याची सोय चालू केली तेव्हा काही बनावटींच्या डिस्का झोपल्या त्या उठल्याच नाहीत. यंत्र चालू असताना डिस्क अंतर्धान पावे व यंत्र बंद करून लावले की पुन्हा हजर होई. अशा डिस्कांची नोंद करून त्यांना गाढ झोपेची बंदी करणारी यादी कर्नेलमध्ये ठेवावी लागली.

पण एनव्हीएमईच्या युगातील खरी भानगड परवानगीची आहे. इंटेलच्या चिपसंचात बायॉसमधील साटाची व्यवस्था ‘रेड’ अथवा ‘आरएसटी’ या रीतीवर ठेवली असेल तर चिपसंच एनव्हीएमई डिस्कला साटा कंट्रोलरच्या पडद्याआड बसवितो. पीसीआय या मार्गावरील उपकरणांच्या यादीत तिचे स्वतंत्र नाव येत नाही, त्यामुळे एनव्हीएमईच्या ड्रायव्हरला ती भेटतच नाही. २०१६ साली एका लोकप्रिय लॅपटॉपच्या बायॉसमध्ये ही रीत बदलण्याची मुभाच ठेवलेली नव्हती, त्यावरून मोठा गदारोळ उठला आणि अखेर कंपनीला नवे बायॉस द्यावे लागले. कर्नेलच्या रचनाकारांनी त्यावर जो मार्ग काढला तो त्यांच्या स्वभावाला धरून होता: पडद्याआड एक एनव्हीएमई डिस्क बसविलेली असल्याचे कर्नेल आता स्वतः छापते, आणि ती हवी असेल तर बायॉसमध्ये जाऊन साटाची एएचसीआय ही दुसरी रीत स्वीकारा असे वर सांगते. आपल्याला दिसते आहे पण भेटता येत नाही, अशी सरळ कैफियत देणारी ओळ मला तरी दुसऱ्या कोणत्या प्रणालीत आढळलेली नाही.

२०२० पासून याच व्यवस्थेची जागा सर्व्हरांसाठी निर्माण झालेल्या व्हीएमडी नावाच्या रचनेने लॅपटॉपांतही घेतली, आणि तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये सर्व्हरांच्या निमित्ताने २०१६ पासूनच होता. परिणाम असा की, कित्येक नव्या लॅपटॉपांवर विंडोजचा इन्स्टॉलर डिस्कांची रिकामी यादी दाखवून इंटेलचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून मागतो, आणि पुरेशा नव्या कर्नेलचे लिनक्स त्याच पेटीतील डिस्क मुकाट्याने यादीत दाखविते. तरीही लिनक्स बसविणाऱ्यांस बायॉसमधील ही सोय बंद करण्याचा जुना सल्ला अद्याप दिला जातो. तो मानला की आधीपासून बसलेल्या विंडोजला आपलीच डिस्क सापडेनाशी होते आणि ते निळ्या पडद्यावर अडते, म्हणून तो बदल करण्यापूर्वी विंडोज पुढच्या खेपेस सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तजवीज आधीच करून ठेवावी लागते.